तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःच्या बाळाला दिलं असतंत का?

मी काय काम करते हे कळलं की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. कुणी म्हणतं, ‘तुम्ही स्वतः खाता का हो ते?’ कुणी आवाज खाली आणून, आता काय ते खरं सांगा अशा सुरात विचारतं, ‘स्वतःच्या बाळाला दिलं असतंत का?’ हो म्हटलं तर ‘तिचं पोटच त्यावर आहे, ती काय दुसरं सांगणार’. क्षणभर थांबलं तर ‘बघा, तीसुद्धा कचरते’. उत्तर काहीही द्या, निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून बरीच वर्षं मी हा विषय हसून टाळत आले. आता टाळण्याचाही कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

जनुकं बदललेल्या ई. कोलाय या जीवाणूकडून आम्ही आईच्या दुधातली एक साखर बनवून घेतो आणि ती बाळांच्या दूध-पावडरीत जाते. नाव टू-फ्युकोसिललॅक्टोज. आम्ही नुसतं टू-एफएल म्हणतो. जनुक म्हणजे काय, ते जीवाणूत कसं घालतात, हे इथे सांगत बसत नाही. विचारणाऱ्यांना ते ठाऊक असतं, आणि त्यांचा प्रश्न मुळात तो नसतोच.

आधी माझी बाजू, कारण ती कुणी ऐकून घेत नाही. चीज आवडीनं खाणारा माणूस मला ‘तुम्ही असलं खाता?’ विचारतो तेव्हा काय बोलावं कळत नाही. दूध फाडून चीज करायला लागणारं कायमोसिन पूर्वी दूधपित्या वासरांच्या चौथ्या जठरातून काढत. वासराचं ते जनुक ई. कोलायमध्ये घालून बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं १९९० मध्ये मान्यता दिली. आज तिथलं बहुतेक चीज असंच, सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनवर होतं. जीवनसत्त्व बी-१२ ना कुठली वनस्पती बनवते, ना कुठला प्राणी. ते फक्त जीवाणू आणि त्यांच्याच पंक्तीतले आर्किया बनवतात, आणि गोळीतलं बी-१२ टाक्यांमध्ये वाढवलेल्या जीवाणूंकडूनच येतं. मधुमेहाचं मानवी इन्सुलिन १९८२ पासून याच वाटेनं मिळतंय. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगात आमच्या पद्धतीचं काही ना काही गेलेलं असतंच, बहुधा अनेक वर्षांपासून.

हा बचाव खरा आहे, पण अर्धा आहे. मोठ्या माणसानं चीजचा तुकडा खाणं वेगळं, आणि जन्मल्यापासून कित्येक महिने ज्याच्या पोटात दूध सोडून दुसरं काहीच जात नाही, त्याला रोज सात-आठ वेळा तेच पाजणं वेगळं. लोकांना हे नीट मांडता येत नाही, म्हणून ते ‘नैसर्गिक’, ‘कृत्रिम’ असे शब्द वापरतात आणि मी त्या शब्दांवर चिडते. त्यामागची भीती मात्र खोटी नाही.

आमच्या टाकीत काय असतं, तेही सांगते. आमच्या जीवाणूचा मूळ वाण के-१२. तो १९२२ मध्ये एका माणसाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला आणि तेव्हापासून प्रयोगशाळांतच वाढत आलाय. माणसाच्या आतड्यात आता त्याचा निभाव लागत नाही. त्याची लॅक्टोज, म्हणजे दुधातली मुख्य साखर, फोडण्याची क्षमता आम्ही काढून टाकतो, म्हणजे दिलेलं लॅक्टोज तो खाऊन संपवत नाही. मग त्याला एक असं जनुक देतो, ज्याच्या जोरावर तो लॅक्टोजला फ्युकोज नावाची दुसरी साखर जोडतो, आणि टू-एफएल तयार होतं. या उद्योगात हे जनुक बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरीकडून घेतलेलं असतं. हो, तोच, पोटात अल्सर करणारा. तो आपल्या पेशींवर असतात तशाच साखरा स्वतःच्या अंगावर चढवून घेतो, म्हणून त्याच्याकडे हे कसब आहे. रोग करण्याची बाकीची सामग्री त्या एका जनुकाबरोबर येत नाही. तरी हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर कधी उच्चारत नाही, कारण पुढचं कुणी ऐकतच नाही.

बॅच चालू असताना माझी नजर पडद्यावरच्या डीओच्या, म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनच्या रेषेवर असते. जीवाणू भुकेले झाले, फीड, म्हणजे त्यांचं खाद्य, कमी पडलं, की ती रेषा एकदम वर उसळते. खायला नाही, म्हणून श्वासही मंदावतो. हार्वेस्टच्या, म्हणजे टाकी रिकामी करायच्या वेळी निघतो तो ब्रॉथ, म्हणजे जीवाणू वाढलेलं द्रावण, तपकिरी, गढूळ असतो आणि वास असा उग्र की कपड्यांना घरापर्यंत सोबत करतो. तिथून पुढे पेशी गाळून काढायच्या, प्रथिनं काढायची, क्षार आणि रंग काढायचे, पाणी आटवायचं. शेवटी हातात येते पांढरी, किंचित गोड भुकटी. मी ती चाखलेली आहे. त्या तपकिरी ब्रॉथपासून या भुकटीपर्यंतचा प्रवास हेच माझ्या मते आमचं खरं काम आहे. विचारणारे सगळे जीवाणूवर अडतात. गाळणीबद्दल आजवर मला एकाच व्यक्तीनं विचारलं, आणि ती माझी धाकटी बहीण.

तिला सातव्या महिन्यात छातीत गाठ लागली. बाळ पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं झालं, आणि पाठोपाठ केमो सुरू करायची म्हणून दूध बंद करण्याच्या गोळ्या दिल्या. दूध येत होतं, ते थांबवावं लागलं. मिल्क बँकेतलं दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जातं आणि ते तसंच जायला हवं. राहिली पावडर. डॉक्टरांनी दोन-तीन डबे सांगितले, त्यातला एक माझ्या मेव्हण्यानं आणला होता.

मी गेले तेव्हा ती तो डबा मांडीवर घेऊन मागची बारीक अक्षरं वाचत होती. ती ऑडिटचं काम करते. कागद पाहिल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘ताई, हे तू बनवतेस तेच ना?’’

‘‘तेच.’’

‘‘माझ्या दुधात होतं ते?’’

‘‘अणूला अणू तेच.’’

ती थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्या जागी आता तुझे जंतू.’’

ती रागानं बोलली असती तर माझ्याकडे शंभर उत्तरं होती. या विषयावरचे आरोप मी अनेक बैठकांत, भर सभेत परतवलेत. तिच्या आवाजात आरोप नव्हता. एक नोंद करावी तसं ती बोलली. मी काही बोलले नाही.

मग तिनं तिच्या पद्धतीनं विचारायला सुरुवात केली. त्या भुकटीत साखरेशिवाय काय उरतं? मी सांगितलं, ती शंभर टक्के शुद्ध नसते. थोडं लॅक्टोज उरतं, तिच्याच भावकीतल्या एक-दोन साखरा उरतात. जिवंत पेशी उरलेल्या चालत नाहीत, डीएनए राहिलाय का तेही तपासतात. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, त्यांना मर्यादा आहे आणि प्रत्येक बॅच त्यासाठी तपासली जाते.

‘‘कोण तपासतं?’’

‘‘आम्ही. आणि बाहेरची प्रयोगशाळा.’’

‘‘तिला पैसे कोण देतं?’’

‘‘आम्ही.’’

तिनं मान हलवली. तिच्या व्यवसायात हेच असतं, तिला त्यात नवल नव्हतं. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो बाहेरचं कुणी विचारत नाही. ‘‘अशा पद्धतीनं बनवलेल्या कशानंही कधी कुणाला काही झालंय का?’’

‘टू-एफएलनं नाही’ एवढंच सांगून सुटता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण तिनं ‘कशानंही’ म्हटलं होतं. मी तिला १९८९ चं ट्रिप्टोफॅन सांगितलं. एल-ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, अमेरिकेत लोक ते झोपेसाठी वगैरे पूरक म्हणून घेत. त्या वर्षी एकाएकी स्नायूंच्या असह्य वेदना आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ असलेले रुग्ण दिसू लागले. दीड हजारांहून अधिक जण आजारी पडले, किमान ३७ दगावले. माग काढत गेल्यावर बहुतेक प्रकरणांचा धागा एका जपानी उत्पादकाच्या मालापर्यंत पोचला. त्या उत्पादकानं जनुकीय बदल केलेला जीवाणूचा नवा वाण वापरायला घेतला होता आणि त्याच सुमारास शुद्धीकरणात अशुद्धी शोषून घेणाऱ्या सक्रिय कार्बनचं प्रमाण कमी केलं होतं. मालात अगदी सूक्ष्म प्रमाणात काही अशुद्ध द्रव्यं सापडली.

‘‘मग दोष जंतूचा की गाळण्याचा?’’

‘‘ते शेवटपर्यंत नीट सुटलं नाही. दोन्ही जवळपास एकदमच बदललं होतं.’’

‘‘दोन आकडे एकदम बदलले की फरक कशाचा, हे सापडत नाही,’’ ती म्हणाली. मी या क्षेत्रात इतकी वर्षं काढली, पण त्या प्रकरणाचं इतकं नेमकं वर्णन कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मला वाटलं संपलं. तिचा शेवटचा प्रश्न राहिला होता. ‘‘हे सगळ्याच आयांच्या दुधात असतं?’’

नसतं. साधारण पाचांतल्या एका आईकडे त्यासाठी लागणारं एफयूटी-२ हे जनुक चालत नाही आणि तिच्या दुधात टू-एफएल जवळपास नसतंच. वेगवेगळ्या लोकसमूहांत हे प्रमाण कमी-जास्त आहे.

‘‘माझ्यात होतं?’’

‘‘माहीत नाही. लाळेवरूनही कळू शकतं.’’

‘‘नको. आणि ज्यांच्यात नसतं त्यांची मुलं?’’

‘‘नीट वाढतात.’’

‘‘मग हे नसलेला डबा आण,’’ ती म्हणाली आणि माझ्या हातात तो डबा दिला.

मी आणला. अंगाशी आलेला वाद हरल्यासारखं वाटलं नाही, पण लागलं. इतकं लागलं की कित्येक दिवस मी कामावर कुणाला हे सांगितलं नाही. भाची त्या दुसऱ्या डब्यावर वाढली, छान वाढली. त्यावरून मी काही सिद्ध करणार नाही, कारण पहिल्या डब्यावरही ती बहुधा तशीच वाढली असती. एका मुलावरून निष्कर्ष काढणाऱ्यांवर मी आयुष्यभर वैतागत आलेय.

नोकरीला लागले तेव्हाची मी यावर काय म्हणाले असते, हे मला पाठ आहे. तेव्हा मी ठामपणे सांगायचे: रेणूला कूळ नसतं, तो आईच्या अंगात बनला काय किंवा स्टीलच्या टाकीत, तो तोच. आजही मला हे शब्दशः खरं वाटतं. फक्त बाळाच्या पोटात एकटा रेणू जात नाही, बरोबर आलेलं सगळं जातं. त्या तेव्हाच्या मला मी हे म्हणते तेव्हा ती उलट विचारते, ‘मग गाईच्या दुधाच्या पावडरीत बरोबर आलेलं काय काय असतं, ते का नाही विचारत?’ आणि तिचंही खरं आहे. सगळ्या तपासण्यांचा आग्रह टाकीतून आलेल्या पदार्थालाच, हा न्याय नव्हे. आमचा हा वाद मिटत नाही.

फायद्याबद्दल तर मला अधिक संकोच वाटतो. आईच्या दुधात अशा दीडशेहून अधिक साखरा असतात. लिटरमागे सगळ्या मिळून साधारण ५ ते १५ ग्रॅम, म्हणजे लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातला सर्वांत मोठा घन भाग. बाळाला त्या पचत नाहीत, त्यांवर त्याच्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया पोसतात. अख्खी रचना बाळासाठी नाही, त्याच्या पोटातल्या जीवाणूंसाठी आहे, हे मला आजही थक्क करतं. त्या दीडशेंपैकी आम्ही एक देतो, काही डब्यांत पाच-सहा. अभ्यासांत या पावडरींवर मुलांची वाढ नीट झालेली दिसते. टू-एफएल आणि आणखी एक साखर घातलेल्या पावडरीच्या एका अभ्यासात पालकांनी सांगितलेला ब्रॉन्कायटिस आणि अँटिबायोटिकचा वापर कमी आढळला. हे चांगलं आहे, पण डब्यावर ‘आईच्या दुधाच्या आणखी जवळ’ असं वाचलं की मला बहिणीची ती मान हलवणं आठवतं.

तर, तुमचा प्रश्न. हो, दिलं असतं. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला, विनासंकोच. मी गाळणी बघितली आहे, तपासणीचे आकडे बघितले आहेत, आणि एखादी बॅच मर्यादेत बसत नाही म्हणून टाकून देतानाही बघितलं आहे. पण हे माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही, आणि बहिणीकडेही नव्हतं. माझ्या ‘हो’वर तुम्ही विसंबावं असं त्यात काही नाही.

युरोपीय संघात आणि अमेरिकेत, अंतिम पदार्थात तो जीवाणू किंवा त्याचा डीएनए उरलेला नसेल, तर जनुकीय बदलाचा उल्लेख डब्यावर करायची सक्ती नाही. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांना ते योग्य वाटतं: लोक घाबरतील आणि चांगली वस्तू मरेल. पूर्वी मीही हेच म्हणायचे. आता बहीण म्हणते, ठसठशीत छापा, ‘जनुकं बदललेल्या जीवाणूंकडून’, पुढचं आमचं आम्ही ठरवू. मी म्हणते, त्या ओळीनं तुला हवं ते कळणारच नाही. वाण कधी बदलला, गाळण्याची कुठली पायरी कधी बदलली, त्यानंतरच्या तपासण्यांत काय आलं, हे तारखांसकट उघड व्हायला हवं, कारण १९८९ मध्ये तेच बदललं होतं. ती म्हणते, ते मागत राहा, तोवर निदान ती एक ओळ तरी छापा. कंपन्या पायऱ्या उघड करणार नाहीत हे मला माहीत आहे, त्यातच त्यांचा सगळा धंदा आहे. तरी मी ते मागते, बैठकीत, लेखी, आणि अजून होकार आलेला नाही. त्या एका ओळीबद्दल मात्र माझं मन कुठल्याच बाजूला ठरत नाही.