श्वासापुरता डॉल्फिन

कोकणात उतरलं की माणसांच्या आधी पाट्या भेटतात. 'घरगुती जेवण मिळेल', 'अस्सल कोकम सरबत', 'समुद्रालगत रूम', आणि अलीकडच्या काळात त्यांच्या रांगेत येऊन उभी राहिलेली 'डॉल्फिन दर्शन'. दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्यापासून थेट वेंगुर्ल्यापर्यंत ही पाटी दिसते, आणि तिच्यावरचा डॉल्फिन सगळीकडे तोच असतो. निळाशार, तुकतुकीत, हसरा, पाण्याबाहेर पुरुषभर उंच उडालेला. मागे मावळतीचा सूर्य आणि शेपटीखाली मोबाइल नंबर. मालवणजवळच्या देवबागच्या रस्त्यावर तर एका पाटीत त्याच्या नाकावर चेंडूसुद्धा तोलून धरला होता.

हा प्राणी कोकणातला नव्हेच. तो कुठल्या तरी परदेशी तलावातला, शिट्टीवर नाचायला शिकवलेला आहे. आपल्याकडे असे डॉल्फिनचे खेळ भरवायला केंद्र सरकारने २०१३ सालीच मनाई केली, पण पाटी रंगवणाऱ्यापर्यंत ती पोचायचं कारण नाही. कोकणच्या किनाऱ्याला धरून राहतो तो हंपबॅक डॉल्फिन. राखाडी रंगाचा, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर, उगीच असावा म्हणून ठेवलेला, एवढासा पर. लांबी सात-आठ फूट. याला उड्यांची फारशी हौस नाही आणि होडीपुढे शर्यत लावण्यात तर मुळीच रस नाही. खोल समुद्राचंही त्याला वेड नाही. वीस-पंचवीस मीटरांच्या आतलं पाणी, खाडीची मुखं, खडकांच्या आसपासची जागा, म्हणजे जिथे बांगडे-पेडवे मिळतात तिथे त्याचा संसार. आणि तो हसतही नाही. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. संतापला तरी हसराच दिसणार. असे एक-दोन लोक माझ्या ओळखीत आहेत.

आमच्या लहानपणी कोकणात जाणं म्हणजे गावी जाणं. समुद्र असायचा, पण तो बघायचा नसायचा. संध्याकाळी पाय भिजवून यायचं आणि जास्त आत गेलं तर आजी किनाऱ्यावरून हाका मारायची. डॉल्फिन बघायला पैसे देऊन होडीतून जायचं, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने आधी त्या माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, मग हळूहळू माजघरांची होमस्टे झाली, आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, गोष्टी सांगणाऱ्या घरांतली मुलं लाइफ जॅकेटं वाटू लागली.

आम्हीही वाटलेली जॅकेटं चढवली. देवबाग ही जमिनीची जेमतेम पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. होड्या नदीच्या बाजूने सुटतात. सकाळी साडेसहाला आम्ही घाटावर होतो, कारण होडीवाल्या दादांनी आदल्या रात्री बजावलं होतं, "उशीर करू नका साहेब, वारा पडलेला असतो तोवर बरा." होडीत आम्ही तिघं आणि कोल्हापूरकडचं एक भरगच्च कुटुंब. त्यांच्यातल्या आजींनी बसल्या बसल्या आवळा सुपारीची पुडी सगळ्यांपुढे फिरवली, आम्हालाही दिली, आणि डोळे मिटून काही तरी पुटपुटायला लागल्या. संगमाशी, जिथे नदीचं पाणी समुद्राला भिडतं, तिथे होडी दोन-चारदा अशी आपटली की आजींबरोबर आम्हीही पुटपुटू लागलो. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी तिथलं पाणी हमखास उसळतं म्हणे. पुढे गेल्यावर मात्र समुद्र शांत होता. डावीकडे भोगव्याचा किनारा, त्याच्या पुढे निवतीचा डोंगर, आणि समोर काहीच नाही.

हे 'काहीच नाही' बघणं फार अवघड असतं. आपल्याला बघायची सवय असते ती लिहिलेल्या, रंगवलेल्या, चौकटीत बसवलेल्या गोष्टींची. मोकळ्या पाण्याकडे नुसतं बघत राहायचं म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत डोळे कावरेबावरे होतात आणि मग स्वतःच डॉल्फिन तयार करायला लागतात. प्रत्येक लाटेची सावली ही पाठ, प्रत्येक तरंगणारा थर्माकोल हा पर. आमच्या होडीत अर्ध्या तासात डॉल्फिन इतक्या वेळा दिसला की त्या मानाने अरबी समुद्रात मासे कमी असावेत. माझ्या मुलीने एका पाणकावळ्याला डॉल्फिन ठरवलं, आणि तो उडून गेल्यावरही ती मागे हटेना.

दादा मात्र पाण्याकडे बघतच नव्हते. ते आकाशाकडे बघत होते. सुरय पक्षी कुठे घिरट्या घालतायत आणि कुठे सूर मारतायत, यावर त्यांचं लक्ष होतं. पक्षी जिथे बुडी मारतात तिथे मासळीचा थवा असतो, आणि मासळी असेल तिथे खालच्या बाजूनेही कुणी तरी जेवायला आलेलं असतं. बघण्याच्या कलेत आपण किती अडाणी आहोत, हे असा माणूस शेजारी बसल्यावरच कळतं. त्यांनी मागे बसलेल्या पोराला नुसतं म्हटलं, "बंद कर रे." इंजिन थांबलं.

त्यानंतर जे झालं ते आधी ऐकू आलं. फुस्स! होडीच्या मागच्या बाजूने, अगदी जवळून. दमलेल्या माणसाने ओझं खाली ठेवताना सोडावा तसला, पण भलताच दांडगा उसासा. आम्ही सगळे पुढे बघत होतो, त्यामुळे होडीतल्या सगळ्या माना एकदम फिरल्या आणि त्याबरोबर होडीही कलली. तोवर पाण्यावर फक्त एक गुळगुळीत वर्तुळ उरलं होतं.

"कुठंय? कुठंय?"

"त्या लाल होडीच्या उजव्या हाताला बघा."

पण लाल होडी तोवर पुढे सरकलेली. शहरात आपण पत्ता सांगताना बँकेसमोर, मेडिकलच्या मागे असं सांगतो. समुद्रावर ती सोय नाही. सगळ्या खुणा हलत्या. शेवटी दादांनी नुसता हात लांब केला, आणि त्या हाताच्या रेषेत आधी एक लांबट चोच तिरपी वर आली, मग राखाडी पाठ, मग तो एवढासा पर, आणि पुन्हा पाणी. सगळा कारभार दोन सेकंदांचा. कोल्हापूरकर काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आयला, ही तर ट्रकची ट्यूब हाय की हो!"

मला मात्र त्या उसाशाने धरून ठेवलं. म्हणजे हा जो आपल्याला दिसतो, तो दिसण्यासाठी वर येतच नाही. तो श्वास घ्यायला येतो. मासा असता तर जन्मभर खाली राहिला असता आणि देवबागात एकही पाटी लागली नसती. हवेवाचून चालत नाही, एवढ्या एका गरजेपोटी त्याला मिनिटा-दोन मिनिटांनी, फार तर चार-पाच मिनिटांनी, डोकं वर काढावं लागतं. एका श्वासात तो फुप्फुसांतली तीन-चतुर्थांशाहून जास्त हवा बदलून घेतो. आपण बसल्या बसल्या घेतो तो श्वास त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय आपला श्वास आपल्या नकळत चालतो, त्याचा तसा नाही. प्रत्येक श्वास त्याला ठरवून घ्यावा लागतो. म्हणून झोपतानासुद्धा त्याचा अर्धाच मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला प्रवासात खिडकीला डोकं टेकवलं की घोरणं आवरत नाही, हे ऐकूनच दमायला होतं.

तर किनाऱ्यावरची निम्मी होमस्टे, होड्या, नारळपाणीवाले, जॅकेटं, सगळं या एका श्वासावर उभं आहे. हे लक्षात आलं आणि त्याच सुमाराला बाकीच्या होड्याही आल्या. कुणी तरी फोन केला असणार. चार दिशांनी सहा-सात होड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, सगळ्यांवर आमच्यासारखेच नारिंगी लोक, सगळ्यांचे मोबाइल उंचावलेले. जिथे पाठ दिसली तिथे होड्या धावत, तोवर ती दुसरीकडे निघे, मग सगळे तिकडे. डॉल्फिन खाली आवाजावर जगतो. आपण काढलेल्या आवाजाचे पडसाद ऐकून तो मासा शोधतो, बरोबरच्यांना हाक घालतो, आणि ऐकतो तेही खालच्या जबड्यातून. त्याच्या डोक्यावर सात इंजिनं गुरगुरत असताना त्याला काय ऐकू येत असेल? त्या दिवशी एका मोठ्या पाठीला चिकटून एक लहान, फिकट पाठही वर येत होती. पिल्लाला आईपेक्षा जास्त वेळा श्वास घ्यावा लागतो. म्हणजे ज्याला वर येण्याची निकड सगळ्यात जास्त, त्याच्याच जागेवर आम्ही गर्दी करून उभे. डॉल्फिनची मादी दहा-बारा महिने पोट वागवते आणि एकच पिल्लू देते. पुढचं व्हायला काही वर्षं जातात. २०१४ साली शास्त्रज्ञांनी या हंपबॅकला पूर्वेकडच्या भाईबंदांपासून वेगळी जात मानलं, आणि मग धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीतही त्याची नोंद झाली. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण वाघाला निदान जंगलाचं फाटक असतं.

"दादा, घ्या की जरा जवळ," काका म्हणाले. "पैसे दिल्यात."

दादांनी होडी जागची हलवली नाही. "आपण गेलो तर तो जाईल. आपण थांबलो तर तो येईल," एवढंच म्हणाले. काकांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर होडीतल्या कुणालाच फारसं पटलं नाही, कारण पलीकडच्या होडीतून आनंदाच्या आरोळ्या येत होत्या. 'दिसले नाहीत तर पैसे परत' अशी हमी देणाऱ्या पाट्याही असतात. माझ्या मते खरा घोळ तिथे आहे. एकदा हमी दिली की होडीवाल्याला पाठलाग करणं भाग पडतं, आणि हमी मागणारे आपणच असतो. बाजारात पापलेट ताजं आहे का, असं विचारावं त्याच सुरात आपण विचारतो, नक्की दिसणार ना?

दादांचं मात्र डॉल्फिनशी नातं सरळ भक्तिभावाचंही नव्हतं, हे मला आवडलं. परतताना मी त्यांना विचारलं की पूर्वीपासून इथे एवढे असायचे का. ते हसले आणि आपल्या बोलीत शिरले. "माझो बापूस तेंका गाळी घालायचो. जाळ्यातली मासळी खातत आणि जाळां फाडतत म्हणान. आता ह्या होडयेचो हप्तो तेच भरतत." जाळ्याचा हा मामला दोन्हीकडून महाग पडतो. कोळ्याचं जाळं फाटतं ते वेगळं, पण जाळ्यात अडकलेला डॉल्फिन मरतो तोही बुडूनच. वर येऊन हवा घेता येत नाही म्हणून पाण्यात राहणारा प्राणी बुडून मरतो. हे सांगताना दादांचा आवाज जरा खाली आला, पण लगेच त्यांनी स्नॉर्कलिंगचा दर सांगायला घेतला.

होडीत परतीच्या वाटेवर हिशेब सुरू झाला. माझ्या मुलीच्या मते बारा, कोल्हापूरकर आजींच्या मते "लई", आणि काकांच्या मते एकच, जो पुन्हा पुन्हा येऊन फसवत होता. दादा म्हणाले चार, पिल्लू धरून. फोटोंचा तर विषयच नको. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये उत्तम प्रतीचं पाणी होतं. काही फोटोंत पाण्यावर वर्तुळ होतं, आणि एकात काकांचा अंगठा. आजींनी मात्र मोबाइल बाहेर काढलाच नव्हता. त्यांनी मला हळूच सांगितलं की त्यांना पिल्लाचं तोंडसुद्धा दिसलं. मला शंका नाही.

घाट जवळ आला तशी भूक जाणवू लागली. घावणे, खोबऱ्याची चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ होमस्टेवर वाट बघत होती. जॅकेटं उतरली, पोरगा ती गोळा करून पुढच्या तुकडीला वाटायला निघाला. काका पैसे मोजून देताना अजून थोडे घुटमळत होते. त्यांनी वर्तमानपत्रात या किनाऱ्यावर देवमासा वाहून आल्याची बातमी वाचली होती.

"दादा, हिकडं देवमासा बी असतोय म्हणं?"

"असतो की. लांब, खोल पाण्यात."

"मग त्यो दावत न्हाई व्हय?"

दादांनी नोटा खिशात ठेवल्या. "दिसलो तर दिसलो, साहेब. पण तो पॅकेजात नाय."