दारामागचा तेरावा खिळा

आमच्या माजघराच्या दारामागे एक फणसाची फळी आहे. तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांना वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या. कुठली कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येकीला चिंधी बांधलेली. हिरवी चिंधी वहाळापलीकडच्या घराची, निळ्या काठाची विहिरीजवळच्या घराची. गणपतीला आठ दिवस राहिले की मी एकेक घर उघडते, केर काढते, वाळवी झटकते, पाणी भरून ठेवते. मी लग्न होऊन गुहागर तालुक्यातल्या या वाडीत आले तेव्हा त्या फळीवर दोनच किल्ल्या होत्या.

कोकणातला माणूस मुंबईला जातो हे काही आजचं नाही. माझे सासरे सोळाव्या वर्षी दाभोळहून बोटीने गेले. परळला गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपायचे, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. महिन्याला मनीऑर्डर यायची. पण घर उघडं असायचं. सासूबाई भात लावत होत्या, गुरं सांभाळत होत्या, पोरं गावच्या शाळेत जात होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे सासरे वळकटी घेऊन परत आले. पोरांना मात्र त्यांनी शेतीत राहू दिलं नाही. ‘पावसावर घर चालत नाही,’ म्हणायचे.

आधी माणूस जायचा, घर राहायचं. आता घरच जातं. पोराला नोकरी लागली की बायको जाते, नातवंडांच्या शाळेसाठी आजी जाते, मग आजोबा एकटे काय करणार? २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जवळजवळ १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ला १६ लाख १५ हजार. दर हजार पुरुषांमागे बायका ११२२, तेव्हा अख्ख्या राज्यात हाच आकडा ९२९ होता. मला हे आकडे वाचावे लागत नाहीत, हळदीकुंकवाला आणि मयताला कोण कोण उभं असतं ते बघितलं की कळतं. खांदा द्यायला शेजारच्या वाडीतून माणसं बोलवावी लागतात.

पण आपण गेल्यावर मागे काय होतं, ते गेलेल्यांना दिसत नाही. आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत सगळ्यांची नाचणी असायची, एकाला लागून एक. रात्री राखणीला पाळीने माळ्यावर बसायचे, डबे वाजायचे, गोफणी फिरायच्या. डुकरं आली तरी ओरबाडून ओरबाडून किती नेणार? दहा जणांत वाटलं जायचं. मग एकाचं शेत पडीक पडलं, तिथे रान माजलं, डुकरांना दिवसा लपायला जागा झाली. मग दुसऱ्याचं. शेवटी पूर्ण उतारावर शेजारच्या आतेंची एकटीची नाचणी उरली. रानातली सगळी डुकरं त्या एका तुकड्यावर. दोन रात्रींत शेत लोळवलं. सत्तरीची बाई किती रात्री डबा वाजवणार?

वानरांचंही तसंच. बागेत पूर्वी चार माणसं वावरायची म्हणून ती लांब असायची, आता परसात येऊन बसतात. त्यांच्या टोळीत बहुतेक वेळा मोठा हुप्या एकच. तरणे नर हाकलले जातात, बाहेर पडून आपला वेगळा घोळका करतात. माद्या जन्मल्या त्याच टोळीत राहतात. बघून पटकन आपलीच वाडी आठवते. पण पुरती नाही, कारण इथे मागे राहिलेल्या आम्ही बायकाही माहेर सोडूनच आलेल्या.

कासवांचं मी पोरांना नेहमी सांगायचे, की कासवीण जिथे जन्मली त्याच किनाऱ्याला अंडी घालायला येते, कोकणी माणसासारखी. शाळेतल्या पोरांना घेऊन पहाटे किनाऱ्यावर जायचे, वाळूत तिने ओढत नेलेल्या अंगाचा माग दाखवायचे. ट्रॅक्टर गेल्यासारखा दिसतो, पाण्यातून वर आणि परत पाण्यात. जानेवारी २०२५मध्ये आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवीण अंडी घालायला आली, तिच्या परावर धातूचा बिल्ला, ०३२३३. तो २०२१मध्ये ओडिशात लावलेला. म्हणजे बंगालच्या उपसागराकडून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर येऊन तिने इथे वाळू उकरली. दोन्ही किनारे तिचेच. त्या दिवसापासून ‘परत येतेच’ असं मी पोरांना ठामपणे सांगत नाही.

आते दिवाळीनंतर लेकाकडे डोंबिवलीला गेल्या. नोकरीसाठी नाही, शिक्षणासाठी नाही. डुकरांनी घालवलं त्यांना. किल्ली पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘तुळशीशी दिवा तेवढा लाव गो संध्याकाळचा.’ फळीवर तेरावा खिळा मी मारला. चिंधी त्यांच्याच जुन्या लुगड्याची आहे, पिवळी.

आज दिवा लावायला गेले तर पडवीवरची चार कौलं फुटलेली. वानरं उतरली असणार. मिरग तोंडावर आलाय, त्याच्या आत बदलायला हवीत, आणि कौलं चढवणारा गडी आता चिपळूणहून बोलवावा लागतो.