जुनी डिझेल फोर-बाय-फोर आणि कमी पैसे: काम कोणत्या क्रमाने करावे

जुनी डिझेल फोर-बाय-फोर गाडी घेणाऱ्याच्या मनात तिचे अखेरचे रूप बहुधा आधीच ठरलेले असते: मोठे टायर, उंचावलेली बॉडी, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) आणि छतापर्यंत गेलेले स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी). हे रूप मलाही मनापासून आवडते. परंतु पैसे मोजके असतील, तर अशा गाडीत करण्यासारखा सर्वांत मोठा बदल म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी तिला पुन्हा करणे, असे माझे ठाम मत आहे. गाडी डोलते, एका बाजूला ओढते, चढावर दम सोडते, ब्रेक लवकर धरत नाहीत, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तिच्या रचनेत नसून पंचवीस-तीस वर्षांच्या झिजेत असते. आणि झीज तशीच ठेवून वर बसवलेला प्रत्येक महाग भाग त्या झिजेवरचा ताण वाढवतो.

म्हणून निवडीच्या वेळी मी इंजिनाआधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पाहतो. इंजिन दुरुस्त करता येते किंवा दुसरे बसवता येते. कुजलेल्या चासीचे वेल्डिंग मात्र संपतच नाही, कारण कापायला घेतलेला भाग नेहमी बाहेरून दिसला त्यापेक्षा मोठा निघतो. गंज पकडतो तो पाणी आणि चिखल साचून राहतो तिथे: बॉडी ज्या रबरी माउंटवर बसते त्यांच्या आसपास, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मागच्या ब्रॅकेटपाशी, डिझेल टाकीच्या वर आणि चासीच्या बंद पोकळीत. पोकळीतला गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे नव्याने फासलेल्या काळ्या रंगाने समाधान मानू नये. लहान हातोडीने ठोकत गेल्यास जाड पत्र्याचा खणखणीत आवाज आणि कुजलेल्या पत्र्याचा बद्द आवाज यांतला फरक लगेच कळतो.

जुन्या डिझेल इंजिनांची खरी श्रीमंती त्यांच्या साधेपणात आहे. टोयोटाचे १९९० मध्ये आलेले ४.२ लिटरचे सहा सिलिंडरचे १एचझेड किंवा लँड रोव्हरचे १९८९ मधले २.५ लिटरचे २००टीडीआय घ्या; इंधन किती आणि केव्हा सोडायचे हे यांत्रिक पंप ठरवतो, संगणक नव्हे. इंजिन एकदा सुरू झाले की ते चालू राहण्यासाठी विजेची गरज जवळजवळ केवळ इंधन थांबवणाऱ्या सोलेनॉइडपुरती (विजेवर चालणाऱ्या झडपेपुरती) असते. याचा अर्थ असा की बिघाड शोधण्यासाठी महाग उपकरण लागत नाही. डोळे, कान आणि थोडा धीर यांवर बरेच काम होते.

धूर हा त्यांतला पहिला साक्षीदार. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, निळा म्हणजे तेल जळते आहे, आणि गरम झालेल्या इंजिनाचा रेंगाळणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले कूलंट. त्यानंतर चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. थोडा श्वास प्रत्येक जुन्या इंजिनाला असतो, परंतु झाकण उडू पाहत असेल तर पिस्टन रिंगांमधून दाब खाली निसटतो आहे. शेवटचा शब्द मात्र कॉम्प्रेशन चाचणीचा (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचा), आणि तिच्यात एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. सगळे सिलिंडर थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन अजून पुष्कळ चालेल. एकच खूप मागे असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) उघडून पाहावे लागेल.

सकाळी सुरू व्हायला त्रास देणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा पंप खराब नसतो. आधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना उष्णता देणारे प्लग) एक-एक करून मल्टिमीटरने तपासावेत, मग इंधनाच्या नळीत हवा शिरते का ते पाहावे. पंपाच्या आधी थोडी पारदर्शक नळी जोडली की तीत सरकणारे बुडबुडे स्पष्ट दिसतात, आणि दोष बहुधा कडक झालेल्या रबरी नळीत, सैल क्लिपमध्ये किंवा फिल्टरवरच्या हातपंपाच्या सीलमध्ये सापडतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तोंड) काढून दाब आणि फवारा तपासून घेणे हा खर्च मी कधीही टाळणार नाही, कारण पाझरणारे नोझल पिस्टनचा माथा जाळू शकते. परत बसवताना तांब्याची वॉशर नवीनच घालावीत.

टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या पट्ट्याच्या) बाबतीत आधीच्या मालकाचा शब्द प्रमाण मानू नये. वर सांगितलेली दोन्ही इंजिने बेल्टवर चालतात. मित्सुबिशीच्या ४डी५६ मध्ये तर बॅलन्स शाफ्टचा (कंपन कमी करणाऱ्या दांड्याचा) वेगळा छोटा बेल्ट असतो, आणि तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला तर व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट, टेन्शनर आणि त्याच कामात हाताशी येणारा वॉटर पंप एकदम बदलावा, कारण सुटे भाग पुन्हा सोडवण्याची मेहनत भागांपेक्षा महाग पडते. त्याच सुमारास रेडिएटरची जाळी आतून-बाहेरून स्वच्छ करावी, थर्मोस्टॅट बदलावा आणि गरम असताना व्हिस्कस फॅन (इंजिन तापल्यावर जोराने फिरणारा पंखा) हवा ओढतो की नुसता फिरतो ते पाहावे. ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनाला एकदा उकळलेले पाणीही महागात पडते.

पैसे वाचवण्याची सर्वांत चांगली युक्ती या टप्प्यावर कामी येते. हबमधली बरीच बेअरिंग प्रमाणित मापांची असतात आणि त्यांच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. गाडीच्या नावाने मागण्याऐवजी हा क्रमांक आणि ही मापे घेऊन बेअरिंग विकणाऱ्याकडे गेल्यास चांगल्या दर्जाचा भाग पुष्कळ स्वस्तात मिळतो. बुश (सांध्यांतले रबरी भाग), टाय रॉड एंड (स्टीअरिंगचे सांधे), प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि किंगपिनची (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीची) बेअरिंग एवढे बदलले की गाडीचे वळण मला तरी नव्यासारखे वाटू लागते. पुढचा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) असलेल्या गाडीत विशिष्ट वेगाला स्टीअरिंग भयंकर हादरते तेव्हा लोक घाईने स्टीअरिंग डँपर (हादरे शोषणारा भाग) बदलतात. परंतु डँपर हादरा फक्त झाकतो, कारण तर सैल पडलेल्या किंगपिनमध्ये, झिजलेल्या बुशमध्ये किंवा टायरच्या असंतुलनात असते.

ब्रेकच्या कामात काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते: डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी मुरलेल्याचा किमान १५५. लांब उतारावर पेडल पोकळ होण्यामागे हाच फरक असतो. रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसल्या तरी आतून फुगून वाट अडवतात, म्हणून त्या सगळ्या बदलाव्यात.

चासीचे वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवाव्यात, वेल्डिंगची अर्थिंगची तार शक्य तितकी जवळ लावावी आणि जवळची इंधन नळी काढूनच ठेवावी. ठिगळ कुजलेल्या पत्र्यावर चिकटवू नये, निरोगी धातूपर्यंत कापून मगच जोडावे. काम झाल्यावर पोकळीत मेण फवारावे आणि पाणी निघण्याची भोके मोकळी आहेत याची खात्री करावी.

आता बदलांकडे वळू. गाडी उंचावण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग ५० मिलिमीटरने उंच केले तरी डिफरन्शियलखाली (ॲक्सलच्या मधल्या फुगीर भागाखाली) एक मिलिमीटरही जास्त जागा मिळत नाही. ती फक्त मोठ्या टायरने मिळते. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर, ३१ इंचीचा सुमारे ७८७. म्हणजे खाली मिळाले या फरकाचे निम्मे, २६-२७ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात गिअरिंग ७ टक्क्यांनी उंच होते (चाकांची ओढ तेवढी कमी होते), स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी जवळपास ८६ ने धावते आणि ब्रेकवरचा भारही वाढतो. उंचावल्यामुळे रेडियस आर्मच्या (ॲक्सल धरणाऱ्या लांब दांड्यांच्या) गाडीत कॅस्टर (चाके सरळ ठेवणारा वळणाच्या आसाचा कल) कमी होऊन स्टीअरिंग भटकते, प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढतात आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. मागच्या ॲक्सलला जोडलेला भारानुसार दाब बदलणारा ब्रेक व्हॉल्व्ह असेल, तर उंच झालेली गाडी रिकामी आहे असे समजून तो मागच्या ब्रेकचा दाब घटवतो. त्याची दांडी पुन्हा जुळवावीच लागते. म्हणून माझी निवड मूळ मापाच्या जवळचे चांगले टायर आणि मूळ उंचीचे नवे स्प्रिंग अशी आहे.

याउलट काही बदल जवळजवळ फुकट असून अतिशय मोलाचे आहेत. गरम ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदरला (ॲक्सलमधून हवा ये-जा करण्याच्या छिद्राला) साधी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच नेले की हे टळते. हेडलाइटचा पूर्ण प्रवाह जुन्या स्विचमधून न नेता रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) आणि जाड तार वापरावी, कारण व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरले तर फिलॅमेंट बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. स्नॉर्केल बसवले असेल तर त्याचे तोंड बंद केल्यावर इंजिन गुदमरून थांबले पाहिजे. थांबले नाही तर वाटेत कुठेतरी फट आहे, आणि त्या फटीतून सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मी सर्वांत शेवटी ठेवतो. डिझेलमध्ये इंधन वाढवले की तापमान वाढते, आणि टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनांत पिस्टनला खालून थंड करणारे तेलाचे फवारे बहुधा असतात, तसे ते टर्बो नसलेल्या इंजिनात असतीलच असे नाही. त्यामुळे टर्बोआधी एक्झॉस्टच्या तापमानाचे मीटर घ्यावे, त्याची तार टर्बोच्या अलीकडे मॅनिफोल्डमध्ये बसवावी, आणि लांब चढावर काटा ७०० अंश सेल्सिअसपलीकडे टिकून राहत असेल तर पंपाचा इंधन वाढवणारा स्क्रू तेवढा परत फिरवावा.