मानेवरची जट

पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आई आणि आजी आल्या होत्या, आणि दोघींची मागणी अगदी उलट होती. आई म्हणाली, "ताई, मशीन फिरवा सरळ, केस काय परत येतील." आजींना डोक्याला कात्रीसुद्धा लागायला नको होती. मुलीच्या मानेवर, दोन कानांच्या मधोमध, तिच्याच तळहाताएवढी कडक, चपटी जट झाली होती. वरचे केस मात्र सुरेख, स्प्रिंगसारखे कुरळे. ही देवीची जट आहे, असं आजींच्या मनाने घेतलं होतं. पुण्यातल्या सहकारनगरच्या आमच्या पार्लरमध्ये लहान मुलंच जास्त येतात आणि कुरळ्या केसांचा गुंता तर रोजचाच. पण इतकी घट्ट जट, तीही इतक्या लहान डोक्यावर, क्वचितच पाहायला मिळते.

अशा वेळी कंगवा हातात घेण्याआधी मी विचारपूस करते, कारण जट कशी झाली हे कळलं की ती कुठून सुटेल हेही कळतं. मुलीला डेंग्यू झाला होता. आधी दवाखान्यात सलाईन, मग घरी अंथरूण. तापात डोक्यावरून पाणी नको म्हणून केस धुतले नाहीत, ती रडते म्हणून विंचरलेही नाहीत. दिवसभर मान सुती अभ्र्यावर घासत राहिली. बरी झाल्यावर आईने डोक्याला भरपूर शाम्पू लावून चोळून चोळून धुतलं, टॉवेलने खसाखसा पुसलं आणि केस वाळल्यावर फणी घातली. फणी अडकली. मग वरून तेल थापून, घट्ट रबर लावून केस बांधून टाकले आणि पुढचे काही दिवस तसेच राहू दिले.

यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटीच केलेली होती, पण प्रत्येकीने गाठ आवळली. मोठ्या माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात, मुलांचेही थोडेफार गळतातच. सरळ केस गळला की घसरून खाली पडतो. कुरळा केस गळला तरी शेजारच्या वळणात अडकून बसतो. दोन आठवडे विंचरलं नाही, तर हे गळलेले केस जिवंत केसांना विळखे घालून बसतात. त्यात कुरळ्या केसाची काडी गोल नसते, चपटी असते, आणि प्रत्येक वळणावर तिच्या वरचे खवले किंचित उचललेले असतात. टाळूवरचं तेल वळणं उतरून टोकापर्यंत पोचत नाही, शिवाय लहान मुलांच्या टाळूला तेल सुटतंही कमी. त्यामुळे टोकं कोरडी आणि खरखरीत राहतात. असे केस पाण्यात फेस करून चोळले की खवले एकमेकांत गुंततात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आक्रसतो, तो याच कारणाने. म्हणून जट झालेलं डोकं आधी शाम्पूने कधीच धुवायचं नाही. शाम्पू अगदी शेवटी.

मग टाळू तपासली. उजेडात, कानांमागे आणि मानेच्या केसरेषेजवळ. लिखा केसाला चिकटलेल्या असतात, टिचकीने निघत नाहीत. कोंडा निघतो. उवा असतील तर आधी डॉक्टरांना विचारून औषध. टाळूवर केस गेलेले गोल चट्टे, पांढरी खपली किंवा पू असेल, तर मी काम सुरूच करत नाही. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याला पोटातून औषध लागतं आणि कंगव्यावरून तो दुसऱ्या मुलाला जातो. इथे त्यातलं काही नव्हतं. टाळू ओढ बसून लाल झाली होती, एवढंच. ती लाली घट्ट रबराची.

आईला म्हटलं, तीन-चार तास द्या, केस वाचतील. आजींना म्हटलं, कात्री लागलीच तर आधी तुम्हाला विचारीन. पुण्यात आणि आसपास महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं बायकांच्या जटा सोडवत आलेत. त्या कामातला सगळ्यात मोठा धडा हा की घाई करायची नाही आणि कुणाच्या श्रद्धेला तोंडावर हिणवायचं नाही. ते बोलत राहतात, भीती उतरू देतात. मीही आजींना खुर्ची माझ्या शेजारीच दिली, म्हणजे प्रत्येक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर होईल.

पार्लरचं बेसिन लहान मुलांच्या मानेला सोसत नाही. मुलीला आईच्या मांडीवर उशी ठेवून पालथं झोपवलं, चेहऱ्याखाली मऊ पंचा. वरचे चांगले केस चार भागांत क्लिपा लावून बाजूला केले. जटेवर स्प्रेने कोमट पाणी मारलं, नुसतं ओलसर होईल इतकंच. मग कंडिशनर. इथे बहुतेक लोक कंजुषी करतात. चमचाभर कंडिशनरने जट सुटत नाही. या तळहाताएवढ्या जटेला मी पहिल्यांदाच 60 ते 70 मिली लावलं आणि सगळं मिळून 150 मिलीच्या वर गेलं. कंडिशनर वरून फासायचं नाही, बोटांनी दाबून दाबून आत मुरवायचं. बोटं एकमेकांवरून सहज सरकतील इतका बुळबुळीतपणा आला पाहिजे. मग प्लास्टिकची टोपी घालून वीस मिनिटं थांबायचं. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड आणि सीटाइल अल्कोहोल हे दोन घटक बाटलीवर सुरुवातीच्या चार-पाच नावांत असतील, तर निसरडेपणा चांगला मिळतो. या अल्कोहोलने केस कोरडे होत नाहीत, ते मेणासारखं असतं.

सोडवताना पहिला नियम: जट खालून, टोकाकडून, आणि कडेने. मधोमध कंगवा खुपसला की सगळी ओढ मुळाशी जाते. डाव्या हाताच्या दोन बोटांत टाळूजवळचे केस घट्ट धरायचे, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचतच नाही. मग उजव्या हाताने, शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने, कडेचे पाच-सहा केस अलगद बाहेर काढायचे. असं करत करत जटेला उभी फट पाडायची. एका जटेच्या दोन, दोनाच्या चार. बोटाएवढी बारीक झाली की मगच मोठ्या, दूर दातांचा कंगवा, तोही टोकापासून सुरू करून एकेक इंच वर. कंडिशनर वाळायला लागलं की केस पुन्हा चिकटतात, म्हणून दर पाच मिनिटांनी स्प्रे. दर वीस मिनिटांनी मुलीला उठवून बसवायचं, पाणी द्यायचं, मान हलवू द्यायची. दुखलं की तिने माझा गुडघा दाबायचा, मी तिथल्या तिथे थांबणार, असं ठरलं होतं. दोनदा तिने उगाचच दाबून पाहिलं, मी दोन्ही वेळा थांबले. त्यानंतर ती निवांत पडून राहिली.

पहिली फट पडली तेव्हा हातात केसांचा भला मोठा पुंजका आला आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. केस तुटत चालले असं तिला वाटलं. मी त्यातला एक केस काळ्या टॉवेलवर ठेवला. त्याच्या एका टोकाला मोहरीपेक्षाही बारीक पांढरा ठिपका होता. ठिपका म्हणजे केस मुळापासून आपणहून गळलेला, आज ना उद्या पडणारच होता. तुटलेल्या केसाला ठिपका नसतो, दोन्ही टोकं सारखीच असतात. आजींनी चष्मा लावला, पुंजक्यातले केस एकेक करून टॉवेलवर मांडले आणि ठिपके मोजायला लागल्या. बहुतेकांना ठिपका होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे गळालेलेच केस, आत अडकलेले." नंतर पुढचा सगळा वेळ मुलीच्या पायांना तेल चोळत बसल्या.

अगदी मधला, लिंबाएवढा भाग सुटेना. तिथे रबराचा तुकडा आत रुतला होता. त्याला कात्री लावली, आजींना विचारून. पण आडवी नाही. अशा गाठीला कात्रीचं टोक केसांच्या दिशेने, टाळूपासून बाहेरच्या बाजूला ठेवून उभे छेद द्यायचे. आडवं कापलं तर तिथले सगळे केस आखूड होतात. उभ्या छेदात थोडेच जातात आणि गाठ सैल पडते. दुपारपर्यंत मान मोकळी झाली. मग सौम्य शाम्पू, फक्त टाळूला आणि बोटांच्या पोटांनी. फेस खाली वाहतो तेवढ्यात लांबी धुऊन निघते. पुन्हा थोडं कंडिशनर, आणि जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपलं, चोळून नाही.

घरी काय करायचं, यावर मी बराच वेळ बोलते. कारण तिथे चुकलं की महिन्यात पुन्हा तेच.

हे कुटुंब राहतं धायरीकडे, पाणी बोअरचं आणि टँकरचं. जड पाण्यातलं कॅल्शियम केसांवर बसतं, केस राठ होतात, साबण वापरला तर अजूनच चिकट. साबण बंद. शेवटच्या पाण्यासाठी शक्य असेल तर पिण्याच्या आरओ फिल्टरचं दोन तांबे पाणी. शिकेकाई हवीच असेल तर उकळून, फडक्यातून गाळून. कोरडी पूड कुरळ्या केसांत अडकून बसते आणि काढताना पुन्हा ओढाताण होते.

खोबरेल तेल चांगलं, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. पण ते धुण्याआधी अर्धा-एक तास, दोन छोटे चमचे, लांबीला. गुंत्यावर तेल थापून केस बांधून ठेवले, तर धूळ धरते आणि गाठ जड होते. आठवड्यातून एकदा शाम्पू पुरे. मध्ये एकदा नुसतं पाणी आणि कंडिशनर. विंचरायचं ते याच वेळी, केस ओले आणि कंडिशनर लावलेले असताना. कुरळे केस कोरडे विंचरले की वळण मोडतं, फुगतात आणि तुटतात. ओला केस जास्त ताणला जातो हेही खरं, म्हणून आधी बोटं आणि मग दूर दातांचा कंगवा.

वळण टिकवायला बाजारच्या महागड्या क्रीमची गरज नाही. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच, गरम असतानाच, गाळायचं. गार झालं तर गाळणीतून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. ओल्या केसांना चमचा-दोन चमचे, मुठीत दाबत लावायचं.

झोपताना दोन सैल वेण्या आणि साटीनचा अभ्रा. अस्तराचं साटीन चालतं, एक मीटरमध्ये लहान उशीचे दोन अभ्रे होतात. डोक्याला बांधायच्या टोप्या मी लहान मुलांना सांगत नाही, झोपेत सरकून तोंडावर येतात. रबर कापड गुंडाळलेलंच, आणि कपाळाची कातडी ताणली जाईल इतकं घट्ट कधीच नाही. रोज तशी ओढ बसली तर कडेचे केस विरळ होतात.

निघताना आईने विचारलं, एकदा गोटा केला तर केस सरळ आणि दाट येतील का? नाही येत. केसाचा आकार कातडीखालच्या मुळात ठरतो, वस्तरा तिथे पोचत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून सुरुवातीला दाट भासतं इतकंच.

एक गोष्ट मात्र मी तिला कागदावर लिहून दिली. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम जास्त गळायला लागतात. ही गळती डोकंभर सारखी असते आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. कुरळ्या केसांत ते सगळे आतच अडकणार, म्हणून त्या काळात आठवड्यातून दोनऐवजी तीनदा ओले करून, कंडिशनर लावून, बोटांनी गळलेले केस काढायचे, आणि मानेवरचा भाग सगळ्यात आधी. एकाच जागी चट्टा पडला, खाज किंवा खपली दिसली, तर पार्लरमध्ये नाही, थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं.