कांद्याच्या हिशोबपट्टीवरून 'व्यावसायिक पर्यावरण' शिकवताना: माझा अनुभव

बी.कॉम.च्या मुलांना 'व्यावसायिक पर्यावरण' हा विषय शिकवताना मी पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही. कांद्याच्या हिशोबपट्टीच्या, म्हणजे बाजार समितीत माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदाच्या, छायाप्रती वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी असा कागद खुंटीला अडकवलेला असतो. शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे नाव काळ्या पट्टीने झाकायचे, बाकी सगळे तसेच ठेवायचे. वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. एवढ्या चार-पाच ओळींमागे किती कायदे, किती कार्यालये आणि किती माणसे उभी आहेत, हे शोधण्यात आमचे सत्र जाते.

राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक अशा चौकटींचा तक्ता मुलांना एका रात्रीत पाठ होतो. मग उत्तरपत्रिकेत 'राजकीय घटक: सरकारी धोरण अस्थिर असते' असे वाक्य येते. कोणते सरकार, कोणते धोरण, कुठल्या तारखेला, कोणाच्या खिशावर परिणाम, यातले काहीच त्यात नसते. विकसनशील देशातला व्यवसाय समजायचा तर हेच प्रश्न आधी सुटायला हवेत. म्हणून मी तक्ता शेवटी देते.

पट्टी वाचताना मुले पहिल्यांदा अडखळतात ती वजनावर. भरलेली ट्रॉली काट्यावर जाते, माल खाली झाल्यावर रिकामी ट्रॉली पुन्हा तोलतात, फरक तो निव्वळ माल. लिलाव मात्र त्याआधी, वरवर दिसणाऱ्या कांद्यावर झालेला असतो. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतताना खालून गोल्टी (बारीक कांदा) किंवा भिजका कांदा निघाला तर व्यापारी वांधा, म्हणजे मालाबद्दल तक्रार, काढतो आणि भाव कमी मागतो. कराराची अंमलबजावणी हा पुस्तकातला कोरडा धडा इथे एकदम जिवंत होतो. शेतकरी गाडी भाड्याची घेऊन आलेला असतो, अंधार पडायच्या आत परतायचे असते. बाजार समितीकडे दाद मागण्याचा हक्क आहे, पण त्या हक्काची किंमत आणखी एका दिवसाचे गाडीभाडे आहे. मुलांनी ही किंमत रुपयांत मांडावी असा माझा आग्रह असतो. तडजोड का होते ते त्या आकड्यावरून कळते.

घरी २०१६ पूर्वीची पट्टी सापडली तर तीही आणायला सांगते. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्याची आडत (आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. जुन्या-नव्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की कायद्यातला बदल कागदावरची ओळ कशी पुसतो ते दिसते. पुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळू नये: खरेदीदाराने तो खर्च सोसला, की बोली तेवढी खाली आणली? मुलांकडून ठाम उत्तराची अपेक्षा नाही. ते तपासायला कोणती माहिती लागेल, एवढे त्यांना सांगता आले पाहिजे.

हमालीच्या ओळीवरून माथाडी कायद्याकडे जाता येते. १९६९ चा हा महाराष्ट्राचा कायदा. असंघटित अंगमेहनतीच्या कामगारांसाठी मंडळ, नोंदणी आणि मजुरीवर लेव्ही (मजुरीच्या वर मंडळाकडे भरायची रक्कम) अशी व्यवस्था त्याने उभी केली. 'असंघटित क्षेत्र' म्हणजे जिथे कायदाच नाही, असा मुलांचा समज असतो, तो इथे सुटतो. त्याच खळ्यावर प्रतवारी करायला बसलेल्या बायांची रोजंदारी कुठल्या वहीत लिहिली जाते, हेही विचारून यायला सांगते. एका आवारात एका कामाला मंडळ आहे आणि दुसऱ्याला साधी नोंदही नाही, ही दरी मुलांनी स्वतः पाहावी.

नवीन शैक्षणिक धोरणातल्या क्षेत्र प्रकल्पामुळे बाजार समितीची भेट आता अभ्यासक्रमातच बसवता येते. समितीच्या सचिवांच्या नावे महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र द्यावे, त्यात मुलांची संख्या आणि वेळ स्पष्ट लिहावी. तारीख ठरवताना मार्चअखेर टाळावी, हिशोबासाठी लिलाव बंद असतात. अमावस्येला लिलाव न करण्याची जुनी प्रथा काही ठिकाणी होती, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी. सकाळचे सत्र धरावे. चार-पाच जणांचा गट पुरे, मोठा घोळका दिसला की माणसे बोलायची थांबतात. लिलावाची रांग पुढे सरकत असताना ट्रॉली आणि खरेदीदार यांच्या मध्ये उभे राहू नये. एका गाडीची बोली काही क्षणांत संपते, त्यात व्यत्यय आला तर नुकसान शेतकऱ्याचे.

विचारायचे कसे, याची तालीम वर्गात घ्यावी लागते. 'काका, तुम्हाला किती नफा होतो?' या प्रश्नाला खरे उत्तर कधीच येत नाही. 'मागच्या गाडीला काय भाव लागला? पट्टी कधी मिळाली? पैसे रोख की खात्यावर, आणि किती दिवसांनी?' असे विचारले की माणूस मोकळा होतो. व्यापाऱ्याला गोण्या, गाडीभाडे, घट, आणि माल पाठवल्यावर समोरच्याकडून पैसे यायला लागणारा काळ विचारावा. शेठ उधारीवर माल देतात आणि शेतकऱ्याला लवकर चुकवतात, तर मधल्या दिवसांचे भांडवल कोणाचे? बँकेचे, नातेवाइकांचे की दुसऱ्या व्यापाऱ्याचे? खेळत्या भांडवलावरचे सगळे प्रकरण या एका प्रश्नात येते.

करांबाबत एक गफलत हमखास होते. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, तेव्हा धंदा करमुक्त, असे मुले लिहून मोकळी होतात. विक्रीवर कर नसल्यामुळे गोण्यांवर वगैरे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, तो खर्चातच मुरतो.

साठवणुकीचे गणित फळ्यावर करून घेते. मे महिन्यात १०० क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकला, त्या वेळचा भाव १,००० रुपये धरला. सप्टेंबरपर्यंत ३० क्विंटल घट आली. बरोबरी व्हायला किती भाव हवा? बहुतेक वर्ग १,३०० सांगतो. प्रत्यक्षात १,००,००० भागिले ७०, म्हणजे सुमारे १,४२९. भाव ४३ टक्के वाढला तर मुद्दल सुटते, आणि त्यात व्याज, चाळीचा खर्च, निवडायची मजुरी धरलेलीच नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, घरच्या चाळीचे आकडे घालून गणित पुन्हा करायचे.

सर्वांत जास्त वेळ मी आलेखाला देते. एका बाजार समितीचे ऑगस्ट २०२३ ते मे २०२५ पर्यंतचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेटच्या (बाजारभावांच्या सरकारी) संकेतस्थळावरून घ्यायचे. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव मिळतात. बातमीत झळकतो तो कमाल भाव, आणि तो कधी कधी एखाद-दुसऱ्या गाडीलाच मिळालेला असतो, म्हणून सर्वसाधारण भाव वापरायचा. आठवड्याची सरासरी काढून रेषा आखायची. मग त्यावर केंद्राच्या निर्णयांच्या उभ्या रेघा मारायच्या: १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी दराने निर्यात करता येत नाही), ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठून ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द व शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. दोन वर्षांच्या आत एकाच मालाच्या निर्यातीचे नियम इतक्या वेळा बदलले. परदेशी ग्राहकाशी तीन महिन्यांचा करार करणाऱ्या निर्यातदाराने काय करायचे, हा प्रश्न मग मला विचारावा लागत नाही.

इथे चुकाही ठरलेल्या आहेत. लिलाव बंद असलेल्या दिवशी मुले शून्य भरतात आणि सरासरी कोसळते. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काच्या निषेधार्थ लिलाव बंद होते, ती जागा रिकामीच ठेवायची. दुसरी चूक म्हणजे सगळा कांदा एक समजणे. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने राहतो. डिसेंबरचा भाव आणि जूनचा भाव हे दोन वेगळ्या मालांचे भाव आहेत. तिसरी चूक सर्वांत महागात पडते: रेघेनंतर भाव पडला की कारण रेघच, असे धरणे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक भागात गारपीट झाली, लगेच बंदी आली, आणि लाल कांद्याची आवकही त्याच सुमारास वाढते. आवकेचा आलेख खाली जोडल्याशिवाय मी निष्कर्ष स्वीकारत नाही.

मुलांचा राग अशा वेळी 'सरकार' या एका शब्दावर एकवटतो. तो शब्द मी फोडून घेते. निर्यातबंदीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचे, नाफेड या सहकारी संस्थेमार्फत राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाची. बाजार समितीचा कायदा राज्याचा, १९६३ चा. आवारातला काटा आणि रस्ता समितीचा. ग्राहक व्यवहार विभागाला शहरातल्या ग्राहकाची काळजी का, हे समजायला किरकोळ महागाईचा निर्देशांक काढावा. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्य व पेय गटाचा भार ४५.८६ टक्के होता. ज्या देशात घरखर्चाचा एवढा वाटा अन्नावर जातो तिथे कांदा महागला की दिल्लीत हालचाल होणारच. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे पटत नाही, पण ते त्यांना मांडता आलेच पाहिजे.

बाजारातल्या गाइडांवर विसंबू नये. २०२० च्या कृषी कायद्यांबरोबर जीवनावश्यक वस्तू कायद्यात झालेला बदलही २०२१ च्या अखेरीस रद्द झाला, तरी काही टिपणांत तो आजही लागू असल्यासारखा छापलेला दिसतो. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभता क्रमवारीचेही तसेच. भारत १४२ वरून ६३ वर आला हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. भारताचे गुण फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून काढले जात, आणि २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला, हे त्याला जोडून सांगावे. आमच्या आवारातली एकही गोष्ट त्या मोजमापात नव्हती.

तक्ता मी देते तो यानंतर, आणि नियम एकच: प्रत्येक चौकटीत एक तारीख, एक कार्यालय आणि पट्टीवरची एक ओळ असली पाहिजे. तोंडी परीक्षेत गटातल्या कोणालाही कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारते, म्हणून गटात काम वाटून घेतले तरी वाचावे सगळ्यांना लागते. आलेखाच्या फायली विभागात ठेवायच्या आणि पुढच्या तुकडीने त्यात आपल्या वर्षाचे भाव आणि नव्या अधिसूचना भरायच्या, अशी पद्धत आम्ही लावली आहे. नवी तुकडी आली की आधीच्या आलेखातल्या चुका शोधणे हे तिचे पहिले काम असते.