हर्णैच्या पुळणीवर, मावळतीकडे पाठ करून

दापोलीहून निघून आसूदच्या नारळी-पोफळी मागे टाकल्या की अर्ध्या तासात हर्णै येतं. उतारावर आधी मासळीचा वास येतो, मग सुवर्णदुर्ग दिसतो. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर मी कॅमेरा घेऊन फिरलोय, पण पाय पुन्हा पुन्हा वळतात ते या बंदराकडेच.

पहिल्या खेपांना मी सगळे करतात तेच केलं. पुळणीवर उभं राहून कॅमेरा समुद्राकडे धरला. आंग्र्यांच्या आरमाराचा तो किल्ला, त्यावर कललेला सूर्य, नांगरलेल्या बोटींवरची रंगीत निशाणं. फोटो देखणे आले, पण त्यातली माणसं काळी, नुसत्या आकृत्या. घरी मोठ्या स्क्रीनवर बघताना ते फार टोचलं. ज्यांच्या जिवावर बंदर चालतं, त्यांचे डोळे एकाही फोटोत नव्हते.

आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळचं ऊन पाण्यावरून येतं आणि समुद्राकडे बघणाऱ्यांच्या तोंडावर पडतं. चेहरे हवे असतील तर पाण्यात उतरायचं आणि सूर्यास्ताकडे पाठ करायची. तेव्हापासून मी तसंच करतो. गुडघाभर पाण्यात, ३५ मिमीची एकच लेन्स, खांद्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं. खाऱ्या तुषारांनी काच लगेच धुरकटते, ती दर पाच मिनिटांनी पुसावी लागते.

चारच्या सुमाराला लिलावाची गडबड सुरू होते. किनारा उथळ, म्हणून बोटी आतच थांबतात आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. जाताना बर्फ, येताना सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकुल. बैलांच्या पोटाला पाणी लागतं, गाडीवान जुवाजवळ उभा राहून चुचकारतो, आणि चाकं वाळूतून निघताना करकरतात. पुळणीवर मासळीचे ढीग लागतात, भोवती बायकांचं कडं पडतं. बोली इतकी भराभर चढते की मला अजूनही अर्धीच कळते. कळतात ते हात: बोली परवडेना झाली की टोपलीच्या काठावरची बोटं सुटतात.

अशाच एका संध्याकाळी एक मावशी मला म्हणाल्या, ‘‘आमचं काय बघायचंय रे बाळा? बोटीचा काढ.’’ मी कॅमेरा खाली घेतला. थोड्या वेळाने त्यांनीच ढिगातला हलवा शेपटीला धरून उचलला, कल्ला उघडून लालभडक आतली बाजू दाखवली आणि म्हणाल्या, ‘‘ताजा असा ओळखायचा. हा काढ.’’ तो फोटो काढला. मागून एक गाडी पाण्यातून वर येत होती, तीही चौकटीत आली.

प्रिंट द्यायला मी जूनमध्ये जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या, पडव्यांमध्ये जाळी विणणं चाललेलं. लोकांना दोन घटका बसायला तेव्हाच सवड असते. आणि मला वाटतं, फोटो काढायचा तर तो हातात नेऊन द्यायला हवा. मोबाइलवर पाठवलेला फोटो भिंतीवर लागत नाही.

मावशींनी प्रिंट हातात घेतला. स्वतःकडे पाहिलंच नाही. मागच्या गाडीच्या डाव्या बैलावर बोट ठेवलं.

‘‘हा ढवळ्या. गेला शिमग्याआधी.’’

मग मला घेऊन त्या दोन घरं सोडून गाडीवानाकडे गेल्या. त्यांनी लुंगीला हात पुसून प्रिंट धरला, बराच वेळ बघत राहिले. ‘‘पाणी छातीला लागलं तरी थांबायचा नाही,’’ एवढंच बोलले. निघताना त्यांनी विचारलं, यातला बैल दिसेल असा मोठा करून मिळेल का.

बारा बाय अठराचा करून घेतलाय. नारळी पौर्णिमेच्या आत पोचवायचा आहे.