तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिएटिनिन १.४ आलंय, जिम सोडू का?

हा प्रश्न मला जिममध्ये येतो, बिल्डिंगच्या जिन्यात येतो, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढताना पण येतो, कारण मी दिवसा बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी वजनं उचलते, त्यामुळे हिला दोन्हीकडचं कळत असणार असा सगळ्यांचा समज आहे. "ताई, केएफटी (किडनीची रक्ततपासणी) केली, क्रिएटिनिन १.४ आलं, पुढे एच म्हणजे हाय छापलंय, जिमच्या पावडरने किडनी गेली का?" आणि बाजूला आई उभी असते जिने पावडरचा डबा तोपर्यंत माळ्यावर टाकलेला असतो.

मी डॉक्टर नाही, औषध-बिवषध मी सांगत नाही. पण तो कागद कसा वाचायचा ते सांगते.

आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन साठलेलं असतं, त्यातला रोज दीड-दोन टक्के भाग आपोआप मोडून त्याचं क्रिएटिनिन होतं, ते रक्तात येतं आणि किडनी ते गाळून लघवीतून बाहेर टाकते. आता मोरीत पाणी तुंबलं तर नळ मोठा सोडलाय म्हणून की जाळीत केस अडकलेत म्हणून, हे नुसत्या पाण्याकडे बघून सांगता येतं का? तसंच हे. किडनी मंदावली तरी आकडा चढतो आणि अंगावर मसल जास्त असलं तरी चढतो, मशीनला त्यातलं काही कळत नाही, ते फक्त १.४ छापून मोकळं होतं. पुरुषांची रेंज साधारण ०.७ ते १.३ आणि बायकांची ०.६ ते १.१ अशी छापलेली असते, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे, पण ती सर्वसाधारण अंगकाठीच्या माणसांची असते, समोर बसलेला पोरगा दीडशे किलोची डेडलिफ्ट मारतो हे त्या रेंजला माहीत नाही.

मग खाली ईजीएफआर येतं, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, आणि खरी घाबरगुंडी तिथे उडते. हे ईजीएफआर कोणी मोजलेलं नसतं हो, ते सूत्रात घालून काढलेलं असतं, आणि २०२१ चं जे सूत्र आता बऱ्याच ठिकाणी वापरतात त्यात फक्त वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच जातं, वजन नाही, उंची नाही, मसल तर नाहीच. २९ वर्षांच्या मुलाचं १.४ त्यात टाकलं की ७० च्या आसपास येतं, त्याच्या शेजारी "माइल्ड डिक्रीज" वगैरे छापलेलं असतं आणि घरात रडारड सुरू. पण ईजीएफआर ६० च्या वर असेल, लघवीची तपासणी साफ असेल आणि दुसरी काही खूण नसेल तर नुसत्या ७० ला किडनीचा आजार म्हणत नाहीत. आणि ६० च्या खाली आलं तरी ते तीन महिने तसंच राहिलं तर क्रॉनिक म्हणतात, एका कागदावरून नाही.

उलटी गंमत बघा. सत्तर वर्षांच्या आजी, काठीसारख्या बारीक, क्रिएटिनिन १.१, रेंजमध्ये, एच नाही काही नाही, घरचे खूश. सूत्रात टाका, ५४ येतं. आणि अंगावर मसलच नाही म्हटल्यावर खरा आकडा त्याहून कमी असण्याची शक्यता. मला विचाराल तर १.४ वाल्या पोरापेक्षा मला ह्या आजींची जास्त काळजी वाटते, पण त्यांच्यासाठी जिन्यात थांबवून कोणी विचारत नाही.

आता सॅम्पल द्यायच्या आधीचं. आमच्याकडे पोरं येतात ती कशी येतात ते सांगते, आदल्या संध्याकाळी लेग डे, रात्री तंदुरी चिकन, सकाळी उठून क्रिएटिनचा स्कूप आणि मग खुर्चीत येऊन बसतात, कोपर सरळ होत नाही इतके हात आखडलेले (शीर मात्र शोधावी लागत नाही, दोरीसारखी वर आलेली असते, तेवढं आमचं सुख). ह्यातल्या प्रत्येक गोष्टीने रिपोर्ट हलतो. मांस शिजवताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, म्हणजे तंदुरीतून ते थेट रक्तात. क्रिएटिन पावडर, रोज तीन ते पाच ग्रॅम घेतात ती, तिनेही आकडा थोडा चढू शकतो, किडनी तेवढीच गाळत असली तरी. आणि जोरदार वर्कआउटनंतर सीके (स्नायूंमधलं एन्झाइम) प्रचंड वाढतं, त्याच्याबरोबर लिव्हरच्या रिपोर्टमधलं एसजीओटी पण वाढतं कारण ते लिव्हरसारखंच स्नायूंमध्येही असतं, मग आईच्या हिशेबात किडनीबरोबर लिव्हरही गेलं.

म्हणून परत टेस्ट करायची तर आधी आठवडाभर जड वजनं नकोत, आदल्या रात्री मटण-चिकन नको, क्रिएटिन काही आठवडे बंद ठेवून करायची का ते डॉक्टरांना विचारा आणि घेता हे त्यांच्यापासून लपवू नका. पाणी नेहमीसारखं प्या, कोरडं पण येऊ नका आणि दोन बाटल्या ढोसून पण येऊ नका. नवरात्रात तर कृपा करा, रात्री दोनपर्यंत गरबा, वर उपास, घामाने निथळलेलं अंग, आणि सकाळी सात वाजता केएफटीला हजर! बडोद्यात राहून हे सांगायची वेळ येते. अंगातलं पाणी कमी झालं की युरिया चढणारच.

युरियाचं थोडक्यात सांगते. प्रोटीन जास्त खाल्लं तरी युरिया वाढतो, तो प्रोटीनचाच कचरा आहे. पण एक बघा, काही लॅब ब्लड युरिया देतात, काही बीयूएन म्हणजे त्या युरियातला फक्त नायट्रोजन देतात, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. मागच्या वेळी १८ आणि ह्यावेळी ३८ म्हणून दुप्पट झालं असं ओरडायच्या आधी दोन्ही कागदांवर नाव एकच आहे का ते वाचा. आणि किटो डाएटवाल्यांनी मेथडची ओळ पण वाचावी, जाफे लिहिलं असेल तर ती १८८६ पासूनची पद्धत आहे, स्वस्त आहे म्हणून अजून चालते, पण रक्तातले कीटोन्स तिला क्रिएटिनिनसारखे दिसू शकतात. एन्झायमॅटिक असेल तर हा घोळ कमी होतो.

हे सगळं ऐकून पोरं खूश होतात, "म्हणजे मसलमुळेच आहे ना ताई!" आणि इथेच मला राग येतो, कारण ट्रेनरने पण हेच सांगितलेलं असतं आणि पुढे कोणी काही तपासत नाही. मसलमुळे असू शकतं, पण ते ठरवायचं कशावरून? लघवीवरून. रक्त द्यायला हात पुढे करतात, लघवीची डबी दिली की लाजतात. सकाळची पहिली लघवी, त्यात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीतून गळतंय का ते त्यावरून कळतं), ३० च्या खाली हवा. व्यायामानंतर एक-दोन दिवस प्रोटीन दिसू शकतं म्हणून तेव्हा देऊ नका. बरोबर बीपी मोजा. आणि तरी शंका राहिली तर सिस्टॅटिन सी, हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात त्यामुळे मसलचा त्याच्यावर फारसा परिणाम नाही, केएफटीपेक्षा महाग आहे पण अशा माणसांसाठीच ती टेस्ट कामाची आहे. थायरॉइड बिघडलेलं असेल, कॉर्टिसोनसारख्या गोळ्या चालू असतील किंवा वजन फार असेल तर ती पण चुकते, म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघतात. सिस्टॅटिन नॉर्मल, लघवी साफ, बीपी नीट, तर माळ्यावरचा डबा खाली काढा.

माझे आजोबा दांडिया बाजारात माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, दूध-बदाम-हरभरे भरपूर खायचे, त्यांना कोणी किडनीचं विचारलं नाही. किडन्या चांगल्या असतील तर प्रोटीनने त्या खराब होतात असं दिसलेलं नाही, आणि वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर खाऊन मसलला फार काही जास्त मिळत पण नाही. आधीच किडनीचा त्रास असेल किंवा डायबेटिस असेल तर मात्र हिशेब वेगळा, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

पोरांना ज्या गोष्टी खरंच नडतात त्यांचं नाव प्रश्नात कधी नसतं. खांदा दुखतो म्हणून रोज डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, ते पण मे महिन्याच्या उन्हात, पाणी कमी. आणि "सायकल", म्हणजे स्टिरॉइडचा कोर्स. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ॲनाबॉलिक स्टिरॉइड घेणाऱ्या दहा बॉडीबिल्डर्सच्या किडन्यांबद्दल लिहिलं, त्यातल्या नऊ जणांच्या गाळण्यांवर व्रण पडलेले होते. त्यांना पण मसल होतं, आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. लघवीला फेस येतो आणि तो जात नाही, पाय सुजतात, बीपी १५० च्या वर, अशा माणसाने मला व्हॉट्सॲप करू नये, सरळ नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे जावं आणि इंजेक्शनं घेतली असतील तर खरं सांगावं. आणि फार मोठ्या गॅपनंतर एकदम अतिरेकी वर्कआउट केला, स्नायू दगडासारखे सुजले आणि लघवी कोलासारखी काळपट झाली तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल.

बाकी, मला रिपोर्ट पाठवायचाच असेल तर लाल आकड्याभोवती गोल करून तेवढाच फोटो पाठवत जाऊ नका. पूर्ण पान पाठवा, वय, मेथड, रेंज, सॅम्पलची वेळ सगळं त्यावरच असतं, आणि खाली लिहा की आदल्या दिवशी काय उचललं होतं.